आधी बाण कुठे आहे ते बघ

मंगळवार, ७ जानेवारी २०१४

एक कीबोर्ड! दोन कॉम्प्युटरना मिळून एक कीबोर्ड आणि एक माउस!

सकाळी चर्चच्या कचेरीत येऊन कोट काढते न काढते तोच लिस्बेट दारात उभी, हातात मापाची पट्टी. चर्चमंडळाची अध्यक्षीण झाल्यापासून ही बाई पट्टीशिवाय घराबाहेर पडत नाही. "बघ तरी तोवे, किती मोकळं मोकळं वाटतंय!" मोकळं? माझं ओकचं टेबल गेलं! एकोणीस वर्षं त्याच्यामागे बसून या गावाचे जन्म, बारशी, लग्नं, मरणं नोंदवली मी. आता त्याच्या जागी इस्त्रीच्या फळीएवढं पांढरं काहीतरी, बटण दाबलं की वर-खाली होणारं. वर दोन पडदे. डावीकडे माझा, उजवीकडे व्हर्नरचा. आणि दोघांच्या मध्ये एक कीबोर्ड.

व्हर्नर म्हणजे आमच्या दफनभूमीचा माळी. कबरी खणतो, कुंपण कापतो, थंडीत वाटा मोकळ्या करतो. कबरींची यादी त्याच्या त्या जुनाट कॉम्प्युटरच्या पेटीत आहे आणि ती नव्या कॉम्प्युटरवर उघडत नाही, म्हणून दोन्ही ठेवणं भाग. इथवर मला कळतं. पण लिस्बेटच्या भाच्याने काय करून ठेवलंय — बाण माझ्या पडद्याच्या उजव्या कडेला नेला की तो टुणकन पलीकडच्या पडद्यावर जातो. आणि बाण जिकडे, अक्षरं तिकडे! मी लिहायचं इथे आणि उमटायचं तिथे. कशासाठी? तर टेबल स्वच्छ दिसतं.

जाता जाता दारातून म्हणाली, "उन्हाळ्यापर्यंत माणसांचंही बघावं लागेल गं. शेजारच्या गावाशी मिळून. दोन अर्ध्यांऐवजी एक पूर्ण." आणि गेली! म्हणजे मी किंवा व्हर्नर. दोघांत एकच राहणार.

मी सत्तावन्न वर्षांची आहे. मला आता कोण घेणार कामावर?

गुरुवार, ९ जानेवारी

व्हर्नर दोन मीटर उंच, मी दीड. तो आत आला की आधी टेबलाचं बटण दाबतो. ते घुर्रर्र करत वर जातं, माझा कॉफीचा कप माझ्या नाकासमोर येतो. दोन ओळी लिहून हा बाहेर. मी टेबल खाली आणते. दहा मिनिटांनी पुन्हा हजर. घुर्रर्र.

आणि हात! कबरीतून निघालेले हात सरळ कीबोर्डवर. आज स्पेसबारखालून लिकोरिसची चिकट गोळी काढली मी, टाचणीने. "हात धुवून येत जा," म्हटलं. तर म्हणतो, "धुतलेत की. हे आतलं आहे." आतलं कसलं आतलं!

ही फाइल माझी. नाव 'मेणबत्त्या – जुना साठा' ठेवलंय, कोणी बापजन्मात उघडणार नाही. जेवणाच्या सुट्टीत काळ्या पावावर लिव्हरची चटणी लावायची, खायचं, आणि इथे ओकायचं. मागचं वाचायचं नाही हा माझा नियम. वाचलं की पुन्हा राग येतो.

मंगळवार, १४ जानेवारी

आज मात्र हद्द झाली! बिशपच्या कचेरीला पत्र लिहून ठेवलं होतं, नुसतं पाठवायचं बाकी. मी फोनवर. व्हर्नर आला, घुर्रर्र, आपल्या पडद्याकडे बघत बसला आणि दोन बोटांनी ठोकत सुटला. बाण होता माझ्याकडे! मी फोन ठेवला, पत्र पाठवलं. बिशपच्या कचेरीतून फोन — "तोवे, तुमच्या पत्रात 'सादर प्रणाम'च्या वर 'दोन ढकलगाड्या खडी, तेरा नंबरला चिचुंद्री' असं आहे, ते काय?"

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. आणि हा हसतोय! पोट धरून! "अगं, पण चिचुंद्री खरीच आहे!"

पिवळ्या चिठ्ठीवर जाड अक्षरात लिहिलं आणि त्याच्या पडद्याच्या कपाळावर चिकटवलं — 'आधी बाण कुठे आहे ते बघ! – तोवे.' वाचून म्हणाला, "जशी आज्ञा, फौजदारीणबाई."

हसण्यासारखं नाहीये ते. त्याचा तो प्रोग्रॅम बाबा आदमच्या काळातला. माउस नावापुरता, सगळे हुकूम अक्षरांवर. ओळीवर उभं राहून एफ दाबला की त्या कबरीला आणखी वीस वर्षांची मुदत. एस दाबला की कबर रद्द — दगड उचलायचा, जागा दुसऱ्याला. मग एन्टर, की शेवटी दाबलेलं अक्षर पक्कं. माणसाच्या आईबापाचं एका अक्षरावर! तिथे असा धसमुसळा माणूस बसवायचा म्हणजे काय?

शुक्रवार, १७ जानेवारी

व्हर्नर सकाळभर माझ्या खुर्चीत. यंदा मुदत संपणाऱ्या कबरींची यादी करतोय. एकेक नाव मोठ्याने वाचणार, मग त्या माणसाची गोष्ट सांगणार, मग एक अक्षर दाबणार! सत्तर नावं आहेत. मी बाजूला स्टुलावर, मांडीवर कागद घेऊन, शाळेत शिक्षा झालेल्या मुलीसारखी. बारा वाजता खड्ड्यात पाणी आलं म्हणून फोन आला, तेव्हा उठला. "राहिलेलं सोमवारी." यादी तशीच उघडी टाकून गेला. निदान ती बंद करावी! पण नाही, आपण उठलो की जग थांबलं. आणि वर लिस्बेटला म्हणे परवा सांगत होता की

अरे! गेलं कुठे? चांगल्या चार-पाच ओळी लिहिल्या होत्या! मी कीबोर्डकडे बघून लिहिते, लहानपणापासूनची सवय. वर बघते तर इथे काही नाही. बाण पलीकडे! पाव घेताना कोपर लागलं असणार माउसला. पलीकडे त्याची यादी नुसती लुकलुकतेय. बंद करून टाकली. हेसुद्धा मीच करायचं!

पुन्हा लिहायचं त्राण नाही. होत्या त्या शिव्याच, सगळ्या त्यालाच.

शुक्रवार, २४ जानेवारी

कीबोर्ड उलटा करून झटकला. एवढी माती निघाली की कुंडी भरली असती.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

लिस्बेट दालचिनीचे रोल घेऊन आली. ही बाई रोल आणते म्हणजे काहीतरी वाईट बातमी आणते. २९ एप्रिलच्या बैठकीत निर्णय. "कोण कसं काम करतं ते सगळे बघताहेत," म्हणाली आणि बोटाला लागलेली साखर चाटली. बघताहेत! मी काय सर्कशीतली आहे?

ती गेल्यावर व्हर्नरने उरलेला रोल मोडून मोठा तुकडा माझ्याकडे सरकवला. "तू राहा तोवे. मी उठून मासे पकडायला जाईन."

"तुझ्या घराचं कर्ज मासे फेडणार का?"

"तेही आहेच म्हणा," म्हणाला.

असं काही बोलला की मला त्याचा जास्तच राग येतो. चांगुलपणाचं प्रदर्शन कशाला? मला राहायचंय. मला राहायचंच आहे, हे मी कोणाकडे बोलू शकत नाही, म्हणून इथे लिहितेय.

मंगळवार, १८ मार्च

जमिनीतला बर्फ उतरला. उचलायच्या दगडांची यादी व्हर्नरने त्या पेटीतून छापून घेतली. उद्या ट्रक येणार. माझ्याकडे एकाच वेळी दोन बारशी, एक मयत, आणि बिशपच्या कचेरीचा तक्ता आजच हवा. त्यात हा चिखलाचे बूट घेऊन आत. कुठल्याशा नंबराचं विचारायला — "हा यादीत आलाय, पण तोवे, मला वाटतं हा —"

"यादीत आहे ना? मग उचल! यादी कोणाची? तुझी. मला कशाला विचारतोस? मला माझी कामं करू दे!"

हातातला कागद घडी करून खिशात घातला. मग गेला. जमिनीवर बुटांचे दोन नकाशे ठेवून. पुसले मी.

गुरुवार, १० एप्रिल

आज लिहायला नको वाटतंय. तरी लिहिते.

अकरा वाजता होल्गर टोल्स्ट्रप आले. शहाऐंशी वर्षांचे. नोव्हेंबरात पडले, कंबरेचं हाड मोडलं, चार महिने हॉस्पिटल आणि मग तिथल्याच वृद्धाश्रमात. आज प्रथमच बाहेर. चाकांचा वॉकर ढकलत, पुढच्या टोपलीत प्रिम्रोजच्या फुलांची कुंडी. त्यांच्या गेलेल्या बायकोचा, आस्ताबाईंचा, आज वाढदिवस. मी लहान असताना आमच्या घरी दूध यांच्याकडून यायचं. मला अजून 'पोरी' म्हणतात.

खिडकीतून हात केला मी. ते दफनभूमीत शिरले. पाव तासाने परत आले. कुंडी तशीच टोपलीत.

"पोरी, मी चुकलो बघ. औषधांनी डोकं चालत नाही. मला आस्ता सापडत नाही."

मी बरोबर गेले. विहिरीकडून तिसरी रांग, बर्चच्या झाडाखाली. मला काय ठाऊक नाही जागा? गेले तर तिथे रेघोट्या ओढलेली ताजी खडी. दगड नाही. कुंपण नाही. जणू तिथे कधी कोणी नव्हतंच.

तो दगड त्यांनी स्वतःच्या शेतातून ट्रॅक्टरने ओढून आणला होता. आस्ताबाई त्याच्यावर बसून दुपारी कॉफी प्यायच्या. वर त्यांचं नाव, खाली होल्गरसाठी जागा कोरी ठेवलेली.

ट्रक येऊन तीन आठवडे झाले. ट्रकवाल्याला फोन लावला. सगळे दगड मशीनमध्ये गेले, खडी झाली. फोन ठेवून त्यांना सांगितलं. दुसरं कोण सांगणार? मीच सांगितलं.

त्यांनी टोपलीतली कुंडी उचलून मांडीवर घेतली. मग म्हणाले, "कुठल्या रस्त्यावर घातली ती खडी? विचारशील? मी तिथून एकदा चालत जाईन म्हणतो."

शुक्रवार, ११ एप्रिल

व्हर्नरच्या पेटीत स्वच्छ दिसतंय. टोल्स्ट्रप, आस्ता. रद्द. १७ जानेवारी. वापरणारा — व्हर्नर.

मी त्याला आत ओढून आणलं, अक्षरशः बाही धरून. टेबल वर घेऊ दिलं नाही. "वाक! आणि वाच!"

त्याने वाचलं. पुन्हा वाचलं.

"डिसेंबरात होल्गरने हॉस्पिटलातून फोन केला होता. वाढवा म्हणून. मी एफ दाबणार होतो, तोवे. मला एफच दाबायचा होता."

"पण दाबलास एस!"

"मला आठवत नाही."

"तुला कधी आठवतं? आपलं बोट कुठे पडतंय ते तू बघतोस कधी? चिठ्ठी कशाला लावली होती मी तिथे? शोभेला? बिशपच्या पत्रात चिचुंद्री घातलीस तेव्हाच कळायला हवं होतं! आणि दगड उचललास तो? तोही मशीनने उचलला का? बर्चखालचा दगड आहे व्हर्नर, आंधळ्यालाही माहीत आहे तो कोणाचा!"

तेव्हा तो अगदी हळू म्हणाला, "मी आलो होतो ना तुला विचारायला. ट्रकच्या आदल्या दिवशी."

विचारलं होतं म्हणे! दिवसाला पन्नास वेळा येतो विचारायला. नावानिशी विचारलं असतं तर मी काय उचल म्हटलं असतं? नाव घेतलं का त्याने? नाही घेतलं. मला आठवतंय. नाव घेतलं नव्हतं.

मी घेऊ दिलं नाही, असं तो म्हणाला नाही.

उलट्या बोंबा नुसत्या!

सोमवार, १४ एप्रिल

व्हर्नर एकटा होल्गरकडे जाऊन आला, आश्रमात. रविवारचा कोट घालून. मला त्याच्या बायकोने सांगितलं, बेकरीत. हा आत जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "मी केलं." होल्गर म्हणाले, "बस." दोघांनी कॉफी प्यायली. हा रडला म्हणे. दोन मीटरचा माणूस! होल्गरने त्याला रुमाल दिला आणि विचारलं, बर्च तरी आहे ना जागेवर?

बायको माझ्याकडे बघत होती. मी बोलावं अशी तिची अपेक्षा होती बहुतेक. मी दोन दालचिनीचे रोल — नाही, खसखशीचे पाव — घेतले आणि निघाले. डोक्यात संताप असला की साधं नावसुद्धा धड लिहिता येत नाही.

रडून दगड परत येतो का?

मंगळवार, २२ एप्रिल

ईस्टर संपला. लिस्बेटला लेखी हवंय.

आधी ती पट्टीशी खेळत म्हणाली, "त्या एका कीबोर्डमुळे तर झालं नसेल ना? नाही, म्हणजे तसं काही असेल तर मंडळावर येईल." आता सुचतंय हिला! मला हो म्हणता आलं असतं. चार महिने मी त्या कीबोर्डच्या नावाने बोटं मोडतेय! पण तसं म्हटलं असतं तर व्हर्नर सुटला असता. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची? कीबोर्डला काय कळतं? माझ्या हातून का नाही झालं कधी? मीही तोच कीबोर्ड वापरते. मी बघून वापरते!

दीड पान लिहिलं. चिचुंद्री, माती, उघडी टाकलेली यादी, चिठ्ठी लावूनही न बघणं. एकही शब्द खोटा नाही. सही केली.

पाठवताना २९ तारीख डोक्यात होती. होती. कशाला खोटं लिहू?

मंगळवार, २९ एप्रिल

बैठक झालीच नाही म्हणायची. सुरुवातीलाच व्हर्नरने उभं राहून सांगितलं की मी स्वतःहून जातोय, पत्र वाचायची गरज नाही, तोवे सांगते ते सगळं खरं आहे. मग खाली बसला. लिस्बेटने कागद पालथे घातले. सहा मिनिटं. सहा मिनिटांत बावीस वर्षांची नोकरी!

मी राहणार. शेजारच्या गावाचा माळी दोन्हीकडे बघेल.

सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. घरी येऊन ताटल्या आपटल्या नुसत्या.

बुधवार, ३० एप्रिल

त्याने फावडी तेल लावून ठेवली. चाव्या माझ्यासमोर ठेवल्या, एकेकीवर दोरा बांधून नाव लिहिलेलं. मग कपाटातून फडकं घेतलं आणि बसून कीबोर्ड पुसला. एकेक अक्षर. टेबल खालीच होतं, त्याने वर घेतलं नाही, गुडघे कानाशी आणून बसला होता. मला बघवेना. मी उगीच टपाल चाळत राहिले.

जाताना पडद्यावरची पिवळी चिठ्ठी हळूच सोडवली, घडी घातली, खिशात ठेवली.

"ही नेऊ का? हिची गरज मलाच आहे."

"ने," म्हटलं.

शुक्रवार, ९ मे

नवा माळी मंगळवारी फक्त दोन तास येतो, हातात मोबाइल. विहिरीजवळ गवत गुडघाभर. टेबल दिवसभर खालीच. कीबोर्ड लख्ख. बेकरीत व्हर्नरची बायको माझ्याशी बोलत नाही. फक्त एकदा म्हणाली, "चिठ्ठी फ्रिजवर लावलीय त्याने. रोज सकाळी वाचतो." माझ्याकडे न बघता. मी काय करू? मी लावायला सांगितली होती का?

बर्चला पालवी फुटली. होल्गर गुरुवारी येतात आणि खडीजवळ उभे राहतात. मी खिडकीशी जात नाही.

बुधवार, २१ मे

जुनी पेटी एकदाची काढली! होल्स्टेब्रो शहरातून रिके नावाची बाई आली होती, सगळी यादी नव्या कॉम्प्युटरवर घ्यायला. आता पडदा एक, कीबोर्ड एक, माणूस एक. लिस्बेट खूश. रिके शिट्टी वाजवत काम करत होती. दुपारी मध्येच थांबली.

"हा प्रोग्रॅम दाबलेलं प्रत्येक अक्षर वेळेसकट लिहून ठेवत होता, माहितीये? कळत नसेल तेही. हे बघ गंमत. एका दिवशी कोणीतरी दोनशे अकरा 'न कळलेले हुकूम' दिलेत! चार मिनिटांत. नंतर एक एस, एन्टर. कोणी मांजर पाळलं होतं का इथे?"

मी म्हटलं, छापून दे.

आता घरी नेते. तिच्यासमोर वाचायचं नव्हतं.

गुरुवार, २२ मे

आज पेनने, वहीत. त्या फाइलमध्ये पुन्हा लिहिणार नाही.

सात पानं. एका ओळीवर एकच अक्षर, एकाखाली एक. १७ जानेवारी, बारा वाजून छत्तीस मिनिटं. व्हर्नर तेव्हा खड्ड्यातलं पाणी उपसत होता. स्वयंपाकघरात उभी राहून बोटाने वरून खाली वाचत गेले. 'हा माणूस कधी बघतच नाही आपण काय दाबतोय ते. एक दिवस कोणाचं तरी वाटोळं करील आणि' — तिथून पुढे तशाच शिव्या, मग शेवटच्या शब्दाचं शेवटचं अक्षर, एस. मग एन्टर. मी नेहमी एन्टर मारते परिच्छेद संपला की.

पहिल्यांदाच नियम मोडून मागचं सगळं वाचलं. जानेवारी, मार्च, एप्रिल. दोनदा वाचलं. मार्चमधलं तीनदा.

कागद पिशवीत घातलेत. आधी व्हर्नरकडे, मग होल्गरकडे, मग लिस्बेटच्या दारात. नोकरीचं काय व्हायचं ते होवो. व्हर्नरच्या फ्रिजवरची चिठ्ठी परत मागायची आहे. ती माझी आहे.